बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम: कशानंतर काय करायचं

खोकला आला की लघवीचे थेंब जातात, हे सांगायला बायका बाळ आठ-दहा महिन्यांचं झाल्यावर येतात. तोवर मोबाइलवर बघून ‘आवळा-सोडा’चे व्यायाम करून झालेले असतात आणि गुण आला नाही म्हणून बंदही झालेले असतात. साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मला व्यायाम अजिबात न करणाऱ्यांपेक्षा चुकीच्या क्रमाने करणाऱ्याच जास्त भेटतात. कुणी टाके ओले असतानाच जोर लावते, कुणी आत ओढण्याऐवजी खाली ढकलते. स्नायू सैल सोडायला तर बहुतेकींना कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे, आणि वाचतानाही क्रमानेच वाचा. मधला टप्पा गाळून पुढचा जमत नाही.

## आधी एवढं समजून घ्या

पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत आतून स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. हाच ओटीपोटाचा तळ, इंग्रजीत पेल्विक फ्लोअर. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि शौचाचा मार्ग यांचा भार ती पेलते. नऊ महिने तिच्यावर ओझं असतं, आणि बाळ खालून येताना ती प्रचंड ताणली जाते. ‘माझं सिझर झालंय, मला याची काय गरज’ असं बऱ्याच जणींना वाटतं. पण नऊ महिन्यांचा ताण सिझरवालीनेही सोसलेला असतो. थेंब जाणं, ओटीपोटात जडपणा वाटणं, वारा न रोखता येणं या तक्रारी तिलाही होऊ शकतात.

बाळंतपणानंतर लघवी गळण्याचा त्रास पुष्कळ जणींना होतो. मात्र ‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ म्हणून तो सोसत बसायची गरज नाही. नीट शिकून केलेल्या व्यायामाने बहुतेकींचा त्रास कमी होतो.

## व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा, जर…

- ताप असेल, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी असेल, टाक्यांतून पू येत असेल
- तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील
- प्रसूतीनंतर किंवा लघवीची नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नसेल
- एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल
- जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला असेल
- शी कपड्यात जात असेल, किंवा फाटलेला भाग शौचाच्या जागेपर्यंत गेला होता असं डिस्चार्ज कार्डवर लिहिलं असेल

रक्तस्राव, दम लागणं, छातीत दुखणं यात वाट बघू नका, १०८ ला फोन करा. शेवटच्या मुद्द्यातल्या बायकांनी व्यायाम जरूर करायचे आहेत, पण तपासणी झाल्यावर आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली.

## तयारी

कुठे जायचं. सरकारी दवाखान्यात थेट ‘व्यायाम शिकवा’ म्हणून जाऊ नका. आधी स्त्रीरोग विभागाचा केसपेपर काढा, तक्रार स्पष्ट सांगा आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. कराडजवळ मलकापूरला कृष्णाचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. खासगी दवाखान्यात जाणार असाल तर आधी फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘पेल्विक फ्लोअरची तपासणी करणाऱ्या बाई आहेत का?’ कंबरदुखीचे व्यायाम देणारा प्रत्येक जण हे शिकलेला असतोच असं नाही.

आशाताई घरी येतात तेव्हा त्यांनाही सांगा. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांची फेरी असते. सगळं लक्ष बाळाच्या वजनाकडे जातं आणि आईची लघवी कुणी विचारत नाही. तुम्ही स्वतः विषय काढा.

काय न्यायचं. डिस्चार्ज कार्ड, आणि तीन दिवसांची लघवीची नोंद. साध्या वहीत लिहा: किती वाजता गेले, साधारण किती झाली, कधी गळाली, त्या वेळी काय करत होते, काय प्याले. या तीन पानांवरून फिजिओथेरपिस्टला कळतं की त्रास खोकल्या-उचलण्याचा आहे, घाईचा आहे की दोन्हींचा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

तपासणीत काय होतं. आधी बोलणं, मग श्वास, पोट आणि पाठ बघणं. गरज असेल तर हातमोजा घालून एका बोटाने योनीमार्गातून स्नायूंची ताकद बघतात. ही आतली तपासणी सहसा सहा आठवड्यांनंतर, जखम भरल्यावर करतात. तुम्हाला विचारल्याशिवाय ती होता कामा नये. ‘आज नको’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. सोबत आई किंवा जाऊ असेल तर तिला आत घ्यायचं की बाहेर बसवायचं, हेही तुम्हीच ठरवा.

पोट साफ ठेवा. हे मी तयारीतच घेते, कारण रोज कुंथणारीचे व्यायाम फुकट जातात. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी बेतानेच देतात, भाज्या बंद करतात, वर लोहाच्या गोळ्या चालू असतात. मग खडा होणारच. तहान लागेल तेवढं पाणी प्या, लघवीचा रंग फिकट राहिला पाहिजे. भाजी, पालेभाजी, फळ, मुगाचं कढण चालू ठेवा. डिंकाचे-अळिवाचे लाडू खा, पण त्यांनी पोट भरून भाजी टाळू नका. कमोड वापरत असाल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. खडा झालाच तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या, जोर करू नका.

पोट बांधणं. सैलसर आधार वाटेल इतपत चालेल. आजीने धोतर करकचून बांधलं की पोट वरून आत दिसतं, पण सगळा दाब खाली झोळीवर जातो. बांधल्यावर खोल श्वास घेता आला पाहिजे आणि खाली जडपणा वाटता कामा नये. तसं वाटलं तर सोडा. आजीला वाईट वाटेल, तर तिला हेच कारण सांगा. बहुतेक आज्यांना ते पटतं, कारण अंग बाहेर आलेली एक तरी बाई त्यांच्या पाहण्यात असते.

## टप्पा १: पहिले काही दिवस, फक्त श्वास

उताणं झोपा, गुडघे वाकवा, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवा. नाकाने श्वास घ्या, पोटावरचा हात वर आला पाहिजे. तोंडाने सावकाश सोडा. पाच-सहा श्वास, दिवसातून तीन-चार वेळा. बाळ पाजून झाल्यावर केलं तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाटेखाली सोडा, हाताने रेटा द्या. सिझरवाल्यांनी खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. खालच्या टाक्यांना सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा. शेक-शेगडी टाक्यांच्या जवळ नेऊ नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर बाळासाठी आणि तुमच्यासाठी दोघांसाठीही धोक्याची.

> सावधान: लघवीची नळी लावलेली असताना आवळण्याचा व्यायाम करायचा नाही.

## टप्पा २: सैल सोडायला शिका

लोक हाच टप्पा गाळतात आणि माझ्या मते निम्मं नुकसान इथेच होतं. टाके दुखतील या भीतीने बाई नकळत खालचे स्नायू दिवसभर आवळून धरते. आधीच आवळलेला स्नायू आणखी किती आवळणार? असा स्नायू थकतो, दुखतो, आणि खोकला येतो तेव्हा कामाला येत नाही.

वरचाच श्वास घ्या. श्वास आत येताना खालची जागा मोकळी होऊ द्या, खाली ढकलू नका. जबडा, खांदे, नितंब सैल करा. दात आवळून खाली सैल सोडून बघा, जमणार नाही.

> तपासा: लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार तुटक येते, पिशवी पूर्ण रिकामी झाल्यासारखी वाटत नाही, संबंधाच्या वेळी किंवा बसताना आत दुखतं? असं असेल तर स्नायू ताठर असू शकतो. टप्पा ३ आणि ४ घरी करू नका, त्रास वाढेल. आधी तपासून घ्या.

## टप्पा ३: नेमका स्नायू शोधा

वेदना नसेल तर हलक्या हाताने हे पहिल्या आठवड्यातही सुरू करता येतं. कुशीवर झोपा. चारचौघांत वारा रोखताना मागची जागा जशी आत ओढता तशी ओढा, मग तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. आत आणि वर अशी दिशा हवी. पूर्ण जोर लावू नका, निम्मा पुरे. मग सावकाश सोडा आणि सोडल्याचं जाणवेपर्यंत थांबा.

आता हातांनी खात्री करा. एक हात नितंबावर ठेवा, तो कडक होता कामा नये. दुसरा बेंबीखाली ठेवा, पोट फुगून बाहेर येता कामा नये. आकडे मोठ्याने मोजा. आवाज अडकला तर तुम्ही श्वास धरला आहे.

पुढचं फक्त जखम भरल्यावर. हात धुऊन, नख कापलेलं बोट योनी आणि शौचाची जागा यांच्या मधल्या भागावर टेकवा. नीट आवळलं की तो भाग बोटापासून आत सरकतो. बोटावर दाबला जात असेल तर तुम्ही खाली ढकलताय, म्हणजे उलट व्यायाम करताय. आरसा धरून बघितलं तरी कळतं.

> सावधान: लघवी करताना मध्येच धार रोखणं हा व्यायाम नव्हे. रोज तसं केलं तर पिशवी नीट रिकामी होत नाही, जंतुसंसर्गाची भीती राहते. हा सल्ला अजून गावोगाव दिला जातो, म्हणून ठळक सांगते.

आवळल्यावर तो भाग बोटापासून आत सरकल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. दोन आठवडे इथेच गेले तरी चालतील. अजिबातच जाणवत नसेल तर घरी रेटण्यापेक्षा एकदा दाखवा, एखाद-दुसऱ्या भेटीत बहुतेकींना सापडतं.

## टप्पा ४: धरा, सोडा, वाढवा

सुरुवात झोपून. आवळा, तीन सेकंद धरा, सोडा, निदान तितकाच वेळ विश्रांती घ्या. असं पाच वेळा. जमलं की एक-एक सेकंद वाढवत दहा सेकंदांपर्यंत न्या आणि आठ ते दहा वेळा करा. त्यानंतर झटपट दहा: आवळा, लगेच पूर्ण सोडा. हा एक संच. दिवसातून तीन संच, निदान तीन महिने.

झोपून जमलं की बसून, मग उभं राहून. उभं राहिल्यावर सेकंद कमी होतील, ते साहजिक आहे, कारण आता वरचं वजनही पेलायचं असतं.

चुका इथे ठरलेल्या असतात. पहिली, रोज शंभर-दोनशे वेळा करणं. थकलेला स्नायू त्या दिवशी जास्त गळतो आणि बाई घाबरून व्यायाम सोडते. दुसरी, सोडणं अर्धवट ठेवून पुढचं आवळणं. तिसरी, पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून थांबणं. फरक सहसा सहा ते बारा आठवड्यांत जाणवू लागतो, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो.

> तपासा: पाचव्या वेळी सुटून जातंय का? मग तुमचा आकडा सध्या चार. तिथूनच वाढवा. संध्याकाळी खाली जडपणा वाढत असेल तर दोन दिवस निम्मं करा.

## टप्पा ५: रोजच्या कामात आणा

नुसतं अंथरुणात आवळून शिंक येताना गळणं थांबत नाही. शिंकेच्या आधी आवळायची सवय लागली पाहिजे. नाकात हुळहुळलं की आवळा, शिंका, मग सोडा. सुरुवातीला मुद्दाम खोटं खोकून सराव करा.

उचलण्याचं तंत्र असं. घागर पायाजवळ घ्या, लांबून वाकू नका. पावलं थोडी फाकवा, गुडघ्यात वाका. श्वास घ्या. श्वास सोडायला लागा, खालून आवळा आणि त्याच श्वासावर उचला. घागर ठेवली की सोडा. बहुतेक बायका नेमकं उलट करतात: श्वास कोंडतात, पोट फुगवतात आणि हिसक्याने उचलतात. गाई-म्हशीची धार काढताना उकिडवं बसण्यात वावगं काही नाही. गळतं ते भरलेली बादली घेऊन उठताना. म्हणून बादली आधी बाजूला सरकवा, रिकाम्या हाताने उठा, मग वरच्या पद्धतीने उचला.

दहा लिटरची भरलेली बादली दहा किलोच्या वर जाते. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असं आम्ही सांगतो. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या वाडीवर पाणी लांबून आणावं लागतं आणि सव्वा महिना झाला की सून कामाला लागते, हे मला माहीत आहे. ऊसतोडीला गेलेल्या बाईला तर मोळी टाळणं तिच्या एकटीच्या हातात नसतं. म्हणून हा परिच्छेद घरातल्या माणसांनी वाचावा. तीन महिने हंडा, वैरणीचा भारा आणि मोळी दुसऱ्या कुणी उचलली, तर औषधापेक्षा मोठा आधार होतो. तेही शक्य नसेल तर घागर अर्धी भरा आणि दोन खेपा करा.

घाईची लघवी. कुलूप उघडताना, नळाचा आवाज ऐकताना घाई होते अशांसाठी: पळू नका. जागीच थांबा किंवा बसा, झटपट पाच-सहा वेळा आवळा, श्वास सोडा. घाईची लाट ओसरली की चालत जा. एसटीत बसण्याआधी, झोपण्याआधी, पाहुणे येण्याआधी ‘जाऊनच येते’ ही सवय सोडा, तिने पिशवीला कमी साठवायची सवय लागते. दोन वेळांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत तीन तासांपर्यंत न्या. चहा कमी करून बघा. पाणी कमी करू नका.

## टप्पा ६: पोट, वजन, धावणं

सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर पोटाची फट, म्हणजे पोटाच्या मधोमध दोन बाजूंच्या स्नायूंमध्ये पडलेलं अंतर, बघा. उताणं झोपा, गुडघे वाकवा, बेंबीच्या वर आडवी बोटं ठेवा आणि डोकं-खांदे किंचित उचला. दोनापेक्षा जास्त बोटं रुतली, किंवा मधोमध पोट उंचवटा धरून वर आलं, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. तोवर उताणं झोपून उठून बसायचे व्यायाम (सिट-अप), दोन्ही पाय एकदम उचलणं, कपालभाती बंद. पोट कमी करायच्या घाईत या तिन्हींनी नुकसान केलेल्या बायका मी पाहते.

सिझरची जखम पूर्ण भरून कोरडी झाली असेल तर साधारण सहा आठवड्यांनंतर व्रणावर बोटांच्या टोकांनी हलकं गोल मालिश करा, दिवसातून पाच मिनिटं. तिथला बधिरपणा काही महिने राहू शकतो.

धावणं आणि उड्या बारा आठवड्यांआधी नकोत, आणि नंतरही गळणं व जडपणा नसेल तरच. चालणं मात्र लवकर सुरू करा. आधी अंगणात, मग सपाट रस्त्यावर, चढ नंतर. अजिंक्यताऱ्याची चढण महिना-दीड महिना थांबली तरी चालते.

संबंध. जखम भरल्यावर आणि तुमची इच्छा झाल्यावर, कुणी ठरवलेल्या तारखेला नाही. अंगावर पाजताना योनीत कोरडेपणा येऊ शकतो, पाण्यावर आधारित वंगण वापरा. खोबरेल तेलाने निरोध फाटू शकतो. दुखणं चालूच राहिलं तर टप्पा २ वर परत या आणि दाखवा.

## गुण आला नाही तर

नीट करून तीन महिने झाले आणि फरक नाही, तर व्यायाम दुप्पट करू नका. पुन्हा तीन दिवसांची नोंद ठेवा आणि ती घेऊन जा. स्नायू प्रतिसाद देत नसेल तर मशिनवर आकुंचन डोळ्यांना दिसेल अशी पद्धत आहे, काहींना विजेच्या सौम्य उत्तेजनाचा उपयोग होतो. अंग खाली येत असेल, योनीत गोळा हाताला लागत असेल, तर आत बसवायची रिंग मिळते. रिंग स्त्रीरोगतज्ज्ञ मापाने बसवतात. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर, आणि आणखी मूल हवं असेल तर ते आधीच सांगा, कारण त्यावर निर्णय बदलतो.

गुण आला असेल तरी एकदम बंद करू नका, दिवसातून एक संच चालू ठेवा. पुढचं गरोदरपण आलं की तीन संचांवर परत या, आणि पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना मागच्या वेळचा त्रास सांगून तो केसपेपरवर लिहून घ्या.